कवेलू फेरायचे कोणी?

सरकारी कार्यालय असो, सहकारी बँक असो वा एखाद्या न्यासाचे रुग्णालय असो, तेथील संगणकावर काम करणाऱ्याने यंत्रणेच्या अद्यतनाचे, म्हणजे रूढ भाषेत 'अपडेट'चे, पान उघडले की बहुधा एक ओळ दिसते. या संगणकाच्या काही गोष्टी तुमच्या संस्थेच्या अखत्यारीत आहेत, असा त्या ओळीचा आशय असतो. त्याखालची कळ फिकट झालेली असते आणि ती दाबता येत नाही. कारकुनाने, परिचारिकेने वा शिक्षकाने याचा अर्थ असा घ्यायचा असतो की, ही चिंता आपली नाही. वर कोणीतरी जाणकार बसलेला आहे आणि तो वेळोवेळी आवश्यक त्या दुरुस्त्या पाठवीत आहे. व्यवस्था म्हणून यात गैर काही नाही. पाचशे संगणक असलेल्या संस्थेत प्रत्येकाने आपापल्या मर्जीने यंत्रात फेरफार करायचे ठरविले तर अनवस्था प्रसंग ओढवेल. प्रश्न एवढाच आहे की, वर खरोखरच कोणी बसलेले आहे काय?

ही शंका अकारण नाही. मोठ्या संस्थांत मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीच्या दुरुस्त्या थेट कंपनीकडून प्रत्येक संगणकावर येत नाहीत. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी कंपनी सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रसृत करते. संस्थेच्या मुख्यालयातील एक संगणक, म्हणजे सर्व्हर, त्या उतरवून घेतो. प्रशासक त्यांना मंजुरी देतो आणि मंजूर झालेली दुरुस्तीच तेवढी शाखांतील यंत्रांपर्यंत पोहोचते. अनेक वर्षे रूढ असलेल्या या पद्धतीत एक खोच आहे. प्रशासकाने काहीच मंजूर केले नाही, तर शाखेतला संगणक तक्रार करीत नाही. तो आपल्या वरिष्ठाला विचारतो, 'माझ्यासाठी काही आहे का?' वरिष्ठ म्हणतो, 'नाही.' मग पडद्यावर हिरव्या खुणेसह वाक्य उमटते : तुमचा संगणक अद्ययावत आहे. सहा-सहा महिने एकही दुरुस्ती न मिळालेला संगणकही हेच वाक्य दाखवू शकतो. पोस्टमन टपाल वाटायला निघालाच नाही, तरी घरमालकाला 'आज पत्र नाही' असेच वाटते, त्यातला हा प्रकार.

याहून साध्या कारणांनीही दुरुस्त्या वाटेत हरवतात. देखभालीचे कंत्राट बदलते, जुना ठेकेदार जातो, नवा येतो. जुना सर्व्हर बंद केला जातो, पण शाखांतील यंत्रांना त्याचा पत्ता तसाच शिकविलेला राहतो आणि ती बंद दारावर थाप मारीत बसतात. सर्व्हरची साठवण भरून जाते. नवे खरेदी केलेले संगणक कोणत्याच गटात नोंदविले जात नाहीत. एखादा सॉफ्टवेअर पुरवठादार 'नवी आवृत्ती घातली तर आमचा प्रोग्राम चालणार नाही' असे बजावतो आणि मग यंत्रणा एका जुन्या आवृत्तीला खिळवून ठेवली जाते. हा खिळा पुढे काढायचा असतो, याची आठवण ठेवणारा माणूस दरम्यान निवृत्त झालेला असतो. शाळांच्या संगणककक्षात तर विद्यार्थ्यांनी केलेले बदल पुसले जावेत म्हणून यंत्र बंद करून सुरू केले की मूळ अवस्थेत आणणारी प्रणाली बसविलेली असते. अपडेटसाठी वेगळी मुभा ठेवली नाही, तर सकाळी उतरलेली दुरुस्ती दुपारी पुसली जाते! आणि छोट्या गावांत, इंटरनेटचा डेटा संपतो म्हणून संगणकवाल्यानेच 'ते अपडेट बंद करून टाकलंय, आता काही त्रास नाही' असे अभिमानाने सांगावे, हे तर सर्रास घडते. चोरीची प्रत वापरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सज्जन वाचकांना विचारण्यात अर्थ नाही. पण आपल्या ओळखीच्या किती संस्थांत अशा प्रती आहेत, हे ज्याचे त्याने मनाशी मोजावे.

असे करून बिघडते काय, असे कोणी विचारील. २०१७ सालाने त्याचे उत्तर दिलेले आहे. त्या वर्षी १४ मार्च रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर छिद्रावर दुरुस्ती प्रसृत केली. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच छिद्रातून जगभर शिरला. म्हणजे ठिगळ तयार होऊन जवळजवळ दोन महिने झाले होते. ते लावलेले नव्हते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला सर्वांत मोठा फटका बसला. इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय न्यासांचे काम विस्कळीत झाले आणि सुमारे १९ हजार रुग्णभेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील महालेखा कार्यालयाच्या अहवालात नोंदविला गेला. त्या अहवालातील एक निरीक्षण आपल्याकडील प्रत्येक संचालक मंडळाने वाचावे असे आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये न्यासांना सावधानतेच्या सूचना गेल्या होत्या. परंतु सूचना पाळली गेली की नाही, हे तपासण्याची कोणतीही औपचारिक व्यवस्था आरोग्य खात्याकडे नव्हती. परिपत्रक निघाले म्हणजे काम झाले, ही समजूत केवळ भारतीय बाबूंची मिरासदारी आहे असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

त्यानंतर दीड महिन्याने संकट महाराष्ट्राच्या दारात येऊन उभे राहिले. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात मेर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी सापडली आणि तिच्या समूहाकडे असलेले उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर कोणता, कोणाचा, कोठे जायचा, हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाल्यावर कागद-पेन्सिलीने काम करावे लागले. मूळ हल्ला युक्रेनवर होता; न्हावाशेव्याच्या बंदराशी कोणाचे वैर नव्हते. मेर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनीच पुढे दाव्होसला सांगितले. तोटा २० ते ३० कोटी डॉलर.

नॉटपेट्याची कथा मात्र पूर्ण सांगितली पाहिजे, कारण अर्धी सांगितली तर ती दिशाभूल करते. हा प्रोग्राम मार्चमध्ये बुजविल्या गेलेल्या छिद्राचा उपयोग करीत होताच, शिवाय एका यंत्रातून परवलीचे शब्द चोरून दुसऱ्या यंत्रात शिरत होता. त्यामुळे दुरुस्ती लावलेले संगणकही त्यात बळी पडले. आणि तो मुळात पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच! औषधाच्या बाटलीतून विष यावे तसा हा प्रकार होता. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा 'अपडेट नको' म्हणणारा प्रशासक निव्वळ आळशी असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याची भीती अनुभवातून आलेली असते. पण या भीतीवर उपाय आहे. आलेली दुरुस्ती आधी दहा यंत्रांवर लावावी, दोन दिवस पाहावे, मग शंभरांवर, मग सर्वांवर. जाणकार संस्था हेच करतात. दुरुस्ती थोपवून धरणे आणि दुरुस्ती विसरून जाणे यांत अंतर आहे. थोपवून धरणाऱ्याच्या वहीत तारीख लिहिलेली असते.

या विषयाच्या संदर्भात सेवाग्रामची आठवण काढली तर वाचकांना आश्चर्य वाटेल. वर्ध्याजवळच्या या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तेथे राहावयास गेले आणि १९४० साली गावाला आजचे नाव मिळाले. तेथील कुटी माती, बांबू आणि कवेलूंची. वैदर्भीय माणसाला सांगावे लागत नाही की, असे घर बांधून संपत नाही. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, फुटलेले बदलावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते. एका वर्षी खंड पडला तर पहिल्या मृगाच्या सरीत तो कळतो. पक्क्या स्लॅबच्या घरात राहू लागल्यापासून आपली ही सवय सुटली आणि यंत्र म्हणजे एकदा आणून ठेवायची वस्तू, असा समज दृढ झाला.

सेवाग्रामची ओळख यंत्रविरोधाचे ठिकाण अशी करून दिली जाते, तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. ज्या चरखा संघाचे कार्यालय पुढे सेवाग्रामला आले, त्याच अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या काळातील एक लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र खेड्यातील साध्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे, बाईमाणसाला आठ तास फारसे न थकता चालविता यावे, ते भारतात बनावे आणि त्याची किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी. आणि पुढची अट अशी की, ते वीस वर्षे चालले पाहिजे व दुरुस्तीचा, सुटे भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होता कामा नये. किर्लोस्करवाडीत गणेश भास्कर काळे यांनी घडविलेले यंत्रही या स्पर्धेत उतरले होते. ते कसोटीला पुरे पडले नाही. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही, कारण अटी पातळ करून एखादे यंत्र पास करावे, असे परीक्षकांना वाटले नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पाच टक्क्यांची अट. यंत्र विकत घेण्याआधी ते कोण दुरुस्त करणार, किती वर्षे आणि किती पैशांत, हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांना यंत्र कळत नव्हते असे म्हणता येत नाही. आज संगणक खरेदीच्या निविदा उघडणाऱ्या किती समित्या हा प्रश्न विचारतात?

आपल्याकडे सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. यंत्र येते, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. वार्षिक देखभालीच्या करारात 'संगणक बंद पडल्यास चोवीस तासांत चालू करून देणे' असे कलम असते. पण चालू असलेला संगणक आतून उघडा पडला आहे काय, हे पाहण्याचे कलम नसते. ठेकेदाराचा माणूस पंखा साफ करून, शाईची नळी बदलून सही घेऊन जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडून मागितले तेवढे तो देतो.

सेवाग्रामातच आज कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ साली सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. डॉ. सुशीला नायर यांनी लावलेल्या रोपट्याचा हा वृक्ष. ग्रामीण भागातील या रुग्णालयाने या शतकाच्या पहिल्या दशकातच सी-डॅकच्या साहाय्याने रुग्णांच्या नोंदींची संगणकीय प्रणाली स्वीकारली; मोठमोठी शहरी रुग्णालये तेव्हा कागदाच्या भेंडोळ्यांत अडकलेली होती. शेतकरी-मजुराच्या रक्ततपासणीचा अहवाल डॉक्टरच्या पडद्यावर दिसावा, ही चैन नव्हे. यात रुग्णाची एक फेरी, एक मजुरी वाचते. म्हणूनच अशा यंत्रणा बंद पडल्या तर त्याची किंमत कोण मोजतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाबाहेर रांगेत उभे होते ते बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले गरीब. कित्येक दिवस तेथे नोंदणी हाताने झाली. जाळ्याचे विभाग नीट पाडलेले नसल्याने हल्लेखोर शिरू शकले, असे सरकारने संसदेत सांगितले. ही तांत्रिक भाषा झाली. रोजच्या भाषेत, घराला आतल्या खोल्यांची दारे नव्हती.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांना यात आणखी एक प्रश्न दिसेल, आणि तो रास्त आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादताच, गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या भारतात नोंदलेल्या कंपनीच्या ई-मेल आदी सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. परंतु परकीय राजधानीत झालेल्या निर्णयाने भारतीय भूमीवरील कारखान्याच्या संदेशव्यवहाराची नस दाबता येते, हे त्यातून उघड झाले. ज्या हाताने दुरुस्ती येते, तो हात आखडताही घेता येतो. सी-डॅकने २००७ पासून 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली दिली आहे; संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' ही प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले; केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आली. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र स्वदेशीच्या कार्यकर्त्यांनी स्वतःची समजूत घालून घेऊ नये. मुक्त प्रणालीतही छिद्रे सापडतात, त्यांवरही दुरुस्त्या येतात आणि त्या लावण्यासाठीही माणूस लागतो. खादीचा सदरा म्हणून तो फाटायचा थांबत नाही! तीन वर्षे हात न लावलेले 'बॉस' हे तीन वर्षे हात न लावलेल्या विंडोजइतकेच असुरक्षित असते.

विषय आज ऐरणीवर येण्याचे कारण आणखी निकटचे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ साठी विशिष्ट सुरक्षा चिप आणि साधारणतः २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीचे असंख्य संगणक, जे टंकलेखनाला, जमाखर्चाला, शाळेच्या दाखल्यांना आजही ठणठणीत चालतात, ते दुरुस्तीविना पडले आहेत. घरगुती ग्राहकाला एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे. संस्थांना तीन वर्षांपर्यंत पैसे भरून दुरुस्त्या घेता येतात; पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. गंमत म्हणजे त्याच ऑक्टोबरात, दुरुस्त्या वाटणाऱ्या त्या मध्यवर्ती सर्व्हर प्रणालीतच एक गंभीर छिद्र सापडले. महिन्याच्या नियमित दुरुस्तीने ते पुरते बुजले नाही, म्हणून २३ तारखेला तातडीची दुसरी दुरुस्ती काढावी लागली. राखणदाराच्या खोलीलाच चोरवाट असावी, असा हा योग. ही प्रणाली आपण यापुढे विकसित करणार नाही, असे कंपनीने २०२४ मध्येच जाहीर केलेले आहे; तरीही ती असंख्य संस्थांत चालू आहे.

हे सारे कोणी करवून घ्यावे? रिझर्व्ह बँकेचे एक उदाहरण येथे उपयोगी आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी बँकांची एटीएम यंत्रे त्यावरच चालत राहिली. स्मरणपत्रांचा उपयोग होईना, तेव्हा २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकेने टप्पे ठरवून दिले : सप्टेंबर २०१८ पर्यंत एक चतुर्थांश यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सर्व. विलंब झाला तो चार वर्षांचा, हे खरे. पण 'लवकरात लवकर कार्यवाही करावी' या वाक्याऐवजी तारीख आणि प्रमाण आले, हा फरक. राज्य शासनाच्या प्रत्येक विभागाने, जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने हीच भाषा वापरली पाहिजे. सायबर घटना घडल्यास सहा तासांत कळविण्याचे बंधन केंद्राच्या 'सर्ट-इन'ने एप्रिल २०२२ मधील निर्देशांनी घातलेच आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. तेव्हा एखाद्या पतसंस्थेचा अध्यक्ष 'आमच्या संगणकवाल्याने सांगितले नाही' असे म्हणून सुटेल, या भ्रमात राहू नये. ठेवीदार आणि रुग्ण संस्थेला ओळखतात, संगणकवाल्याला नव्हे.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण शाळा समित्यांवर, पतपेढ्यांच्या संचालक मंडळांवर, सेवाप्रकल्पांच्या विश्वस्त मंडळांत काम करतात. त्यांना सांगावयाचे ते असे की, मासिक बैठकीत 'सर्व संगणक अद्ययावत आहेत' असा एका ओळीचा अहवाल स्वीकारू नका. संस्थेकडे एकूण यंत्रे किती, त्यांपैकी गेल्या महिन्याची दुरुस्ती प्रत्यक्ष लागलेली किती आणि मध्यवर्ती यंत्रणेला तीस दिवसांत ज्यांनी उत्तरच दिले नाही अशी किती, हे तीन आकडे मागा. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण हरवलेली यंत्रे टक्केवारीत दिसत नाहीत. त्यांना वगळूनच शंभर टक्के भरतात. कपाटातला लॅपटॉप, तालुक्याच्या शाखेतले जुने यंत्र, निवृत्त लेखापालाच्या मेजावरचा संगणक असे सगळे त्या तिसऱ्या रकान्यात सापडतील. एखाद्या कारकुनाने 'साहेब, माझ्या यंत्रावर जानेवारीनंतर काही आलेले नाही' असे सांगितले तर त्याला कटकट्या ठरवू नका. पडद्यावरची कळ फिकट करून आपणच त्याच्या हातून काम काढून घेतले आहे; निदान त्याचे म्हणणे तरी ऐकून घेतले पाहिजे.

जुन्या यंत्रांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. जी विंडोज ११ घेऊ शकत नाहीत, ती भंगारात घालण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालते का, हे पाहावे. बहुतेकांवर ते चालते आणि मराठीतही चालते. जेथे एखाद्या तपासणी यंत्राला जुनीच प्रणाली लागते, तेथे तो संगणक इंटरनेटपासून आणि इतर जाळ्यापासून तोडून ठेवावा व त्यावर तसा कागद चिकटवावा. मार्चअखेरीस अंदाजपत्रक मांडताना संगणक खरेदीच्या ओळीखाली देखभालीची स्वतंत्र ओळ असावी आणि त्या ओळीपुढे रकमेबरोबर जबाबदार व्यक्तीचे नाव लिहिलेले असावे. ज्या संस्थांकडे असा माणूस नाही, त्या तालुक्यातील चार-पाच संस्थांनी मिळून एक नेमला तरी चालेल. पगार वाटून घेता येतो, आणि त्याच्याकडून चार-पाच ठिकाणचे आकडे एकाच तक्त्यात दर महिन्याला मागताही येतात.